उष्टावणाला आत्याचा चमचा

उष्टावणाला चांदीची वाटी आजोळहून येते आणि पहिला घास मामा भरवतो. बारशाला नाव ठेवून झालं की आत्याला फारसं काम उरत नाही. मी तर कुर्रसुद्धा फोनवरूनच केलं होतं. म्हणून भाचीसाठी काहीतरी स्वतःच्या हाताने करून न्यायचं ठरवलं आणि गोथेनबर्गच्या थंडीत लाकूडकामाच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

इथे याचं कुणालाच अप्रूप नाही. स्वीडनच्या शाळांत स्लॉइड, म्हणजे हातकाम, सक्तीचं आहे. शिवणटिपण आणि लाकूड-धातूकाम, दोन्ही मुलांनाही आणि मुलींनाही. गोथेनबर्गजवळ नेस नावाच्या ठिकाणी ओट्टो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकात या विषयाचे शिक्षक तयार केले. देशोदेशीचे लोक तिथे शिकायला यायचे. त्यामुळे वर्गातल्या आजीबाई गप्पा मारता मारता सुरी चालवतात. आणि आमच्या गिरगावच्या घरात स्टूल डुगडुगलं तरी सुतारकाकांना निरोप जातो!

आधी मनात खुळखुळा होता. पण वहिनीचं माहेर सावंतवाडीचं. चितार आळीतली रंगीत खेळणी बघत ती मोठी झाली, त्या घरात मी लाकडाचं खेळणं काय नेणार? शिवाय खुळखुळ्यात मणी आले. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिमी व्यासाची एक नळी वापरतात. सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो म्हणून खेळणं बाद. नवशिक्याने डिंकाने बंद केलेला खुळखुळा बाळ आपटणार, चावणार, आणि मी इकडे रात्रभर जागी. त्यापेक्षा एकसंध लाकडाचा चमचा बरा.

लाकूड बर्चचं घेतलं. त्याला चव नाही, वास नाही, आणि ते इथे मुबलक. नवलाची गोष्ट म्हणजे ते ओलं असतानाच कोरायचं. ताजं लाकूड मऊ असतं, सुरीखाली सालपटं सुटत जातात. तेच वाळलं की हाताला फोड. ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडायचा आणि मधला गाभा काढून टाकायचा, कारण वाळताना तडा तिथूनच जातो. अर्धवट चमचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे ओल टिकते. माझा चमचा आठवडाभर नारळाच्या चवाशेजारी राहत होता. चमच्याच्या पानाचा, म्हणजे घास राहतो त्या भागाचा, खळगा आकडीसारख्या वाकड्या सुरीने कोरतात, आणि बाळाच्या चमच्याला तो अगदी उथळ हवा. खोल केला तर चिमुकल्या वरच्या ओठाला घास ओढून घेता येत नाही. मी कोरत होते, मध्येच चमचा ओठाला लावून बघत होते, पुन्हा काठ खाली आणत होते. आकार आल्यावर त्याच सालपटांसोबत कागदी पिशवीत ठेवून सावकाश वाळवला.

शेवटचा हात मात्र मुद्दाम मुंबईत फिरवला. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेतून लाकूड थेट श्रावणातल्या गिरगावात गेलं की ओल पिऊन थोडं फुगणारच. चमचा काही दिवस कपाटावर नुसता पडू दिला, मग पाण्यात बुडवून वाळवला आणि उठलेली कूस सुरीने हलकेच काढली. (सुरी चेक-इन सामानात. केबिनमध्ये न्यायचा विचारही करू नका.)

तेलावरून घरात संसदच भरली. आई म्हणाली खोबरेल. पण खोबरेल लाकडात वाळत नाही. इकडे बरेच जण अक्रोडाचं लावतात, पण बाळाला कशाची ॲलर्जी आहे हे अजून कुणाला ठाऊक? दादा हार्डवेअरच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल आणायला निघाला होता, त्याला दारातच अडवलं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, दाराच्या चौकटीला ठीक आहे. आपण आणायचं ते खायचं, घाण्याचं, जवसाचं. हवा लागून ते सावकाश घट्ट होतं, पावसाळ्यात तर फारच सावकाश. पण खाद्यतेलच असल्याने थांबायची गरज नाही. एकच सांगते, तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

सुतारकाका बघायला आले. “सागवान का नाही घेतलं, ताई?” मी म्हटलं, सागाला वास असतो, तो बाळाच्या तोंडात नको. त्यांनी चमचा उलटापालटा केला, काठावरून अंगठा फिरवला. “मशीनवर पाच मिनिटांचं काम. पण दांडा जाड ठेवलात ते बरं केलंत, हे पोर तोच धरून आपटणार.”

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून सातवा धरला होता. डॉक्टरही सहा महिने पूर्ण होऊ द्या म्हणाले, तेव्हा पंचांग आणि दवाखाना यांचं कधी नव्हे ते एकमत झालं. मामाने चांदीच्या चमच्याने तांदळाची खीर भरवली, ती भाचीने बाहेर काढली. मग माझा चमचा पुढे झाला. खीर त्यातलीही सांडली, पण चमचा तिने सोडला नाही. दांड्याकडची बाजू तोंडात घालून सगळं जेवण होईपर्यंत चावत बसली. दात येतायत ना.

वहिनीने आता आमटीसाठी लांब दांड्याचा डाव मागितलाय. गोथेनबर्गच्या बाल्कनीत बर्चचा एक ओंडका अजून ओला आहे, त्यातून निघेल असं वाटतंय.