दोन माळांची वाट

नागपुरात सदरमधल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलपासून सेमिनरी हिल्सवरच्या लूर्द मातेच्या गुहेपर्यंत किती अंतर? आईचं उत्तर ठरलेलं, ‘दोन माळा.’ जपमाळ दोनदा फिरवून होते तेवढी वाट. आमच्या घरी सगळंच तसं मोजलं जायचं. एका दशकात, म्हणजे दहा ‘नमो मरिये’ होईस्तोवर, कणीक मळून व्हायची. तीन दशकांत भात. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बाबांच्या ड्युटीसाठी.

११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, ती ही वाट पायी चालायची. शेजारच्या काकू शेगावला पायी जात. आई त्यांना दशम्या न्‌ शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. म्हणायची, ‘तुमची वारी लांबची, माझी जवळची.’ आईच्या वारीच्या दिवशी आमचं दूध काकू तापवून ठेवत.

ती गेल्यानंतरचा हा पहिला सण. पहाटे तिची माळ घेऊन निघाले. लाकडी मणी, बोटांनी घासून गुळगुळीत झालेले. तिसऱ्या दशकातला एक मणी तुटला तेव्हा तिथं तिनं काळ्या दोऱ्याची गाठ मारली होती. गाठीवरही ती एक ‘नमो मरिये’ म्हणायचीच. छावणी मागे पडली तेव्हा माझं बोट त्या गाठीवर आलं, आणि मला पुढचे शब्दच आठवेनात. तिथंच थोडा वेळ उभी राहिले.

१८५८ साली फ्रान्समधल्या लूर्द गावी बर्नादेतला मरियामातेचं पहिलं दर्शन झालं, तेव्हा ती चौदा वर्षांची पोर बहीण आणि मैत्रिणीसोबत सरपण वेचायला गेली होती. आईला त्या कथेत सरपणच सगळ्यात जवळचं वाटायचं. ‘चर्चमध्ये नव्हती ती, कामावर होती,’ असं पोळ्या लाटता लाटता सांगायची. हा दिवस १९९३पासून जगभर आजाऱ्यांसाठीही पाळतात. फादरांच्या प्रवचनात तिनं ते ऐकलं आणि तेव्हापासून संध्याकाळी पिशवीभर संत्री घेऊन मेयो हॉस्पिटलच्या वॉर्डात जायला लागली. ओळखीचं कोणी असो-नसो. सोलून द्यायची, बिया काढून.

नोकरी लागल्यावर मी स्कुटीवर जायला लागले. ‘आई, मागं बस नं.’ ती बसली नाही. ‘तू हो पुढं. माझं अजून म्हणायचं राहिलंय.’ इतक्या वर्षांत एकदाही बसली नाही.

गेल्या वर्षी मी विचारलं आणि ती मुकाट्यानं बसली. तेव्हाच मला उमगायला हवं होतं.

स्कुटी दहा मिनिटांत वर पोचली. मी हेल्मेट काढून आत निघाले, तर ती तिथंच उभी, माळ हातात, डोळे मिटलेले.

‘आई, काहून थांबली? पोचलो आपण.’

‘तू पोचली. मी अजून वाटेतच आहे.’

अर्धा तास ती रस्त्याच्या कडेला उभी होती, एक हात स्कुटीच्या सीटवर टेकून. दोन्ही माळा पुऱ्या केल्या, मगच निळ्या पट्ट्याच्या त्या पांढऱ्या मूर्तीपुढे गेली.

यंदा टेकडीचा चढ मी जरा भरभर चढले असेन. वर आले तेव्हा मेणबत्त्यांचा वास येत होता, आत प्रार्थना सुरू झाली होती, आणि माझ्या दुसऱ्या माळेचं एक दशक बाकी होतं. गेल्या वर्षी स्कुटी लावली होती त्याच जागी मी उभी राहिले आणि पहिला मणी धरला.