खाणीच्या कागदांतून मूळ गावाचा शोध

आजोबा खाणीतून निवृत्त झाल्यावर आमचे कुटुंब नागपुरात आले. त्याआधीचे आमचे गाव कोणते, असे विचारले की घरात ‘न्यूटन चिखली’ एवढेच उत्तर मिळे. छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळचे हे गाव कोळशाच्या खाणीमुळे वाढले. तेथील पटवाऱ्याच्या दप्तरात मात्र आजोबांचा मागमूस नव्हता, कारण कंपनीच्या चाळीत राहणाऱ्या मजुराच्या नावे ना शेत होते ना घर. अशा गावात जमिनीचे नव्हे, नोकरीचे कागद शोधावे लागतात.

खाणीत पाणी शिरले तेव्हा तू रांगत होतीस, असे आजी आत्याला नेहमी सांगत असे. ती दुर्घटना १० डिसेंबर १९५४ ची; तीत ६३ कामगार दगावले. म्हणजे त्या सुमारास आजोबा तेथेच होते. कोळसा खाणकामगारांना १९४८ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी मिळाला होता, त्यामुळे त्यांचे खाते असणारच असा माझा कयास होता आणि खाते क्रमांक निवृत्तीच्या जुन्या पत्रावर सापडला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही ते नोकरीत असल्याने त्यांची नोंद सरकारी कंपनीकडे आली होती, हे आमच्या पथ्यावर पडले. वारसाच्या पुराव्यासह अर्ज केल्यावर, बऱ्याच हेलपाट्यांनंतर, ‘बी’ फॉर्मच्या, म्हणजे खाणीतील कामगारांच्या, नोंदवहीचा उतारा मिळाला. त्यात आजोबांच्या वडिलांचे नाव, आजोबांचे वय आणि मूळ पत्ता होता. गावापुढे ठाणे लिहिले होते सौंसर, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगतचा मराठी बोलणारा भाग. हिंदी मुलखात आयुष्य काढूनही आजी-आजोबा घरात मराठीच का बोलत, याचा उलगडा तेव्हा झाला.

सौंसरला कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज केला. जुन्या जन्मनोंदींत बहुधा बाळाचे नाव नसते, अमक्याला मुलगा झाला एवढेच असते. म्हणून पणजोबांचे नाव हाती नसते तर हे बुक आमच्या काहीच कामाचे नव्हते. खाणीच्या कागदावरील वयावरही विसंबू नये, कारण भरतीच्या वेळी ते पुष्कळदा अंदाजाने लिहिले जाई. मी आधीची आणि नंतरची काही वर्षेही पाहिली, तेव्हा आजोबांच्या नोंदीबरोबर त्यांच्या थोरल्या भावाचीही नोंद मिळाली. त्या भावाचे वंशज आजही गावात शेती करतात. त्यांची वंशावळ आमच्या वंशावळीशी जुळवण्यासाठी आता मिसल बंदोबस्ताची, म्हणजे जमीनमहसूल ठरवताना केलेल्या जुन्या नोंदींची, नक्कल मागितली आहे.