चिंगीची वही : आठवडा नववा

वजन ३ किलो ४१० ग्रॅम. मागच्या रविवारी ३ किलो ३६०. पन्नासच ग्रॅम, पण सकाळी शी-शू झाल्यावर मोजलेत, म्हणून खरे धरतो. काटा स्वयंपाकघरातलाच, वर परात ठेवून. ती परात आईने केव्हाच घरकामातून बाद केली.

नव्यांसाठी थोडक्यात. चिंगी म्हणजे गावठी कुत्र्याचं पिल्लू, अंदाजे चार महिन्यांची, मखमलाबाद रोडला सापडलेली. दर आठ-दहा दिवसांनी दोन दिवस जुलाब, एखादी उलटी, कान गरम, आणि मग काही झालंच नाही अशी चप्पल पळवते. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या करणारा विषाणू, नाही. गोचीडतापाच्या तपासणीत एर्लिशिया, बबेसिया हे गोचीडातून येणारे दोन्ही जंतू नाहीत, प्लेटलेट ठीक. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी तीन वेगवेगळ्या दिवसांची शी दिली, कारण तो रोज बाहेर पडत नाही. एकाच नमुन्यावर समाधान मानू नका.

द्राक्षांचाही संशय घेऊन झाला. कुत्र्यांच्या किडनीला द्राक्षं आणि बेदाणे घातक. त्यातलं टार्टारिक अ‍ॅसिड कारण असावं, असं २०२१पासून बोललं जातंय. पण नाशकात राहून, हंगामात, शेजाऱ्यांनी प्रेमाने आणलेली पाटी दारातच परत कशी करायची? असो, किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, नॉर्मल आली.

या आठवड्यातली मोठी गोष्ट म्हणजे बाइल अ‍ॅसिडची, लिव्हर नीट चालतंय का ते बघणारी रक्ततपासणी. दोनदा जेवण झाल्यावर चिंगी कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. हाक मारली तर शेपटी हलली, डोकं तिथेच. डॉक्टरांना लिव्हरच्या शंटची शंका आली, म्हणजे आतड्यातलं रक्त लिव्हरला बगल देऊन थेट पुढे जातं. एक रक्त उपाशीपोटी, दुसरं खाल्ल्यावर दोन तासांनी. एवढ्याशा पिल्लाची साखर झटकन उतरते, म्हणून उपास कमी तासांचा आणि खिशात मधाची डबी. मधले दोन तास गंगापूर रोडला गाडीतच काढले, ती माझ्या मांडीवर घोरत होती.

दोन्ही आकडे नॉर्मल. सगळे म्हणाले, सुटलास. मला मात्र, खरं सांगतो, जरा रागच आला. शंट असता तर निदान नाव तरी मिळालं असतं.

आता खाण्याची चाचणी. आतापर्यंतच्या पाकिटातल्या खाण्यात चिकन आणि गहू होता, त्यातलंच काही बाधत नाही ना ते बघायचं. १४ दिवस फक्त उकडलेला मासा, काटे काढून, आणि रताळं. वाढत्या पिल्लाला हे कायमचं पुरत नाही, म्हणून मुदत ठरलेली. आमच्या घरात मासा शिजत नाही, तेव्हा इंडक्शन गॅलरीत आलाय. ताप रोज दोनदा, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून मागून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी.

काल पाचवा दिवस, शी घट्ट, ताप १०१.८. मी खुशीत. रात्री सोफ्याखाली झाडू घातला तर तूप लावलेल्या पोळीचा वाळका तुकडा निघाला.

"आई?"

"एवढासा तर दिला होता रे. बघत होती ती माझ्याकडे."

वहीत पाचवा दिवस खोडला. आज पुन्हा दिवस पहिला.