कर्ता कुठे गेला?

‘लेखन सुधारायचंय’ असं कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती वेलांटी. मग ऱ्हस्व-दीर्घ, मग शाळेतली लाल शाई. ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. ८ मार्चला ‘महिला दीना’च्या शुभेच्छा देणारा फलक दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चौकात लागतोच. तरी माझं मत असं, की वाचणारा वेलांटीला क्वचितच अडखळतो. तो अडखळतो वाक्याला.

वाण्याच्या दुकानावरची पाटी घ्या: ‘शुद्ध गाईचे तूप’. प्रत्येक अक्षर जागच्या जागी, पण शुद्धतेची हमी मिळाली ती गाईला. ‘गाईचे शुद्ध तूप’ लिहायला रंगही जास्त लागला नसता. किंवा हे बघा: ‘जोशीकाकांनी वॉचमनला जिना उतरताना पाहिलं.’ आता जिना नक्की कोण उतरत होतं? वॉचमनची नोकरी या उत्तरावर अवलंबून असू शकते आणि शुद्धलेखनाचा एकही नियम इथे मदतीला येत नाही.

नियम तसे फार नाहीतही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा, १९७२ साली त्यांत आणखी चार, एकूण अठरा. जुन्या पुस्तकांतल्या ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’ यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनीच उतरवले. (मी इथे जे ‘केलं’, ‘झालं’ लिहितो आहे, त्याला हे नियम पात्राच्या तोंडच्या मजकुरापुरतीच मुभा देतात. ललित लेख लिहिणारे ती मुभा राजरोस ताणतात, मीही ताणतो.) त्याआधीची मोडी तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नव्हती, शब्द सुटे करत नव्हती, तिला विरामचिन्हंही नव्हती. पेशव्यांचा कारभार त्या लिपीत चालला. पण समोर कागद वाचणारा मुरलेला कारकून होता. आमच्या सोसायटीत लिफ्टची वाट बघत नोटीस वाचणारा माणूस तसा मुरलेला नसतो.

या नोटिसा लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ असं म्हणून ते माझ्या गळ्यात मारण्यात आलं. कुणी मारलं ते लिहिणार नाही, मला तिथेच राहायचं आहे. पहिल्यांदा जुनी फाईल चाळली, तर सगळ्या नोटिसा एकाच साच्यातल्या: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीची साफसफाई करण्यात येणार असल्याकारणाने रविवार रोजी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, तरी सर्वांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे.’

यात चूक काढून दाखवा. नाही निघणार. पण वाचणारा ‘असल्याकारणाने’पर्यंत पोचतो तोवर लिफ्ट येते, आणि रविवारी तोच माणूस अंगाला साबण लावून कोरड्या नळाकडे बघत उभा राहतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य जितकं लांबेल तितका वेळ वाचणाऱ्याला बाकीचं सगळं सामान डोक्यावर धरून थांबावं लागतं, पाटी खाली ठेवायची परवानगी क्रियापदच देतं. मी लिहिलं, ‘रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ पाणी येणार नाही. टाकी धुणार आहोत. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’ एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘हे काय, घरी बोलल्यासारखं लिहिलंय!’ तक्रारच होती ती. मी कौतुक म्हणून घेतली.

लिहून झालं की मी मजकूर मोठ्यानं वाचतो, घरातलं कुणी ऐकत असलं तर उत्तम. जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम देतो. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली. त्यातलं हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी वापरलेलं.

मग येतो ‘करण्यात येणे’चा प्रश्न. शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग आपण पाच गुणांसाठी घोकले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे नवीन कर्मणीचं ठरलेलं उदाहरण. एवढं युद्ध करून राम बिचारा ‘कडून’ला लटकलेला! तरी इथे तो निदान वाक्यात आहे. ‘निर्णय घेण्यात आला’मध्ये निर्णय आहे, घेणारा नाही. घरात कुणी ‘चहा करण्यात आला आहे’ म्हणत नाही, कारण तिथे चहा कुणी केला हे सांगण्यातच अर्धी गंमत असते.

आधी मला वाटायचं, ही नुसती कचेरीची सवय आहे. आता वाटतं, बऱ्याचदा ती हुशारी असते. मागे सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, तेव्हा मी मसुदा केला: ‘कार्यकारिणीनं पुढच्या महिन्यापासून मेंटेनन्स वाढवला आहे. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून भागवू.’ सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. म्हणाले, ‘व्याकरण बरोबर आहे हो, पण जरा... आमच्यावर येतंय.’ शेवटी बोर्डावर लागलं ते ‘मेंटेनन्समध्ये वाढ करण्यात आली आहे’ असंच. खाली सही त्यांची, अक्षर माझं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बेल माझ्या दाराची वाजत होती.