चमच्याची पाठ

जुना चांदीचा चमचा हाती आला की बहुतेकांची नजर चकाकीवर जाते. जाणकार तो आधी पालथा करतो, कारण त्याची सगळी कुंडली पाठीवर असते.

इंग्लिश चमच्यावर चालत्या सिंहाचा ठसा दिसला की समजावं, हजारात 925 भाग चांदी. उरलेलं मुख्यतः तांबं. बिबट्याचं डोकं म्हणजे चांदी लंडनमध्ये तपासलेली. समुद्राचा पत्ता नसलेल्या बर्मिंगहॅमला मात्र जहाजाचा नांगर! राजाचं किंवा राणीचं डोकं म्हणजे कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 मधली. साल सांगणारं अक्षर फसवं. लंडनमध्ये 1974 पर्यंत वीस वर्षांनी ते पुन्हा यायचं, त्यामुळे अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार पाहिल्याशिवाय साल सांगू नये.

उरतात कारागिराची आद्याक्षरं. हेस्टर बेटमन या विधवेने 1761 साली स्वतःचा ठसा नोंदवला. वळणदार 'एचबी' दिसलं की संग्राहक हरखतात. पण ठसा म्हणजे मालाची जबाबदारी कुणाची एवढंच. हातोडी कुणी चालवली, ते तो सांगत नाही.

आता दहापट भिंग घ्या. साधारण 1780 पर्यंत ठसे दांडीच्या खालच्या, अरुंद भागात मारत. तिथे दांडी चेपायची, मग ठोकून सरळ करताना ठसेही ताणले जायचे. म्हणजे अशा चमच्यावर वेडेवाकडे ठसे ही बरीच चांगली खूण. वाटीचं टोक झिजलेलं आणि ठसे मात्र कोरे करकरीत, तिथे शंका घ्यावी. त्या काळचे काटे चमच्यांपेक्षा दुर्मिळ, म्हणून चमच्याची वाटी ठोकून, कापून दाते काढणारे महाभागही झाले. अशा काट्याचे ठसे खरे असतात, दाते तेवढे नको इतके पातळ. ठसे दुसरीकडून कापून बसवल्याचा संशय असेल तर जागेवर तोंडाची वाफ सोडावी. डाखाची रेघ क्षणभर उमटते.

'ईपीएनएस' अक्षरं असतील तर तो चांदीचा मुलामा. झिजलेल्या कडेला खालचा पिवळट धातू डोकावतो.

आणि पॉलिश बेताने. प्रत्येक वेळी थोडी चांदी जातेच, आणि नक्षीच्या खाचेतला काळेपणा काढला की नक्षी सपाट दिसते. चमचे रबरबँडने मात्र कधीच बांधू नयेत. रबरातल्या गंधकाने पडलेला काळा पट्टा घासूनही सहजी जात नाही.