तानापिहिनिपाजा, पण ‘पा’ नाही

पंचवटीतल्या एका भजनी मंडळाने अभंग रेकॉर्ड केले आणि अल्बमचं कव्हर करायला माझ्याकडे आले. पेनड्राइव्हमध्ये अकरा जणांचे अकरा फोटो, रामकुंड, काळाराम मंदिर, वीणा, तुळस. "सगळं आलं पाहिजे," बुवा म्हणाले.

मी सगळं बसवलं. मग मोबाइलवर गाण्यांच्या यादीत दिसतं तेवढं, नखाएवढं छापून त्यांच्यापुढे ठेवलं. बुवांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा मी का?" ते त्यांचे टाळकरी होते.

मग मी कपाटातून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून' काढली. १९७३ची तबकडी. कल्पना हिप्नोसिस या स्टुडिओची, चित्र जॉर्ज हार्डीचं. काळ्यावर काचेचा त्रिकोणी लोलक, एक पांढरा किरण, पलीकडे रंगांचा पट्टा. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना कुणाचा फोटो. १२ इंची कव्हरसाठी काढलेलं हे चित्र नखाएवढं केलं तरी ओळखू येतं, कारण काळ्यापुढे उजेड आहे आणि नजरेला जायला एकच वाट. बुवांना रंग मोजायला लावले. सहाच! तानापिहिनिपाजा मधला पारवा गाळलेला.

"रंग गाळला तर रंग रुसत नाही हो," बुवा म्हणाले. "माझी माणसं रुसतील."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीची तत्त्वं मी घडाघडा सांगू शकतो. हा प्रश्न खरा होता. शेवटी ठरलं की अकरा नावं आणि अकरा फोटो मागच्या पानावर, सगळे एकाच मापाचे, बुवांचासुद्धा.

मग पुढच्या पानावर काय? कोपऱ्यात त्यांचा पखवाज होता. पांढऱ्या कातड्यावर काळीभोर शाई, म्हणजे मधला गोल काळा लेप. तेवढंच घेतलं: फिक्या पिवळसर चौकोनात एक मोठं काळं वर्तुळ, मध्यापासून जरा उजवीकडे, आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत खाली मंडळाचं नाव. नखाएवढं छापलं. बुवा लांबूनच म्हणाले, "पखवाज."

मला वाटलं, झालं काम. त्यांनी पखवाज मांडीवर घेतला, माझं बोट धरून शाईवरून फिरवलं. बारीक बारीक भेगा लागल्या.

"तुमची शाई फार गुळगुळीत आहे. ही वाजणार नाही."

त्या संध्याकाळी शाईचा जवळून फोटो काढला आणि वर्तुळ पुन्हा पहिल्यापासून केलं, भेगांसकट.