ताराबाई 1:100 : तोफ बसली, समुद्र पुन्हा करायला घेतला

मंडळी, तटरक्षक दलाच्या ताराबाई या जहाजाचं 1:100 मापाचं (खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढं) मॉडेल मी बनवतोय, खालच्या समुद्रासकट. मागच्या नोंदीत तिची हल (जहाजाचं धड) प्राइमरपर्यंत, म्हणजे रंगाआधीच्या थरापर्यंत, आली होती. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तोफ झाली, निळा पट्टा झाला, आणि समुद्र एकदा पूर्ण करून खरवडून काढावा लागला. समुद्राचंच आधी सांगतो, पण त्यासाठी थोडी जहाजाची गोष्ट.

आयसीजीएस ताराबाई 1987 साली तटरक्षक दलात दाखल झाली. तिच्या वर्गात सहा जहाजं: ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अक्कादेवी, नायकीदेवी, गंगादेवी. पहिली दोन सिंगापूरला बांधली, उरलेली चार कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत. लांबी सुमारे 45 मीटर, रुंदी 7, दोन डिझेल इंजिनं, वेग 26 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) घरात, पुढे एक 40 मिलिमीटरची बोफोर्स तोफ. औरंगजेबाला दमवणाऱ्या राणीचं नाव मिळालेलं हे जहाज तसं लहानच, वजन अडीचशे टनांच्या आसपास.

मला ती नोव्हेंबर 1999 मधली हवी आहे. 22 ऑक्टोबरला इंडोनेशियातल्या कुआला तांजुंग बंदरातून अलोन्द्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज 7,000 टन अ‍ॅल्युमिनियमच्या लाद्या घेऊन निघालं आणि चाच्यांनी ते ताब्यात घेतलं. 17 खलाशांना पुढे तराफ्यावर सोडून दिलं. दहाएक दिवसांनी एका थाई मासेमारी बोटीनं त्यांना वाचवलं. इकडे जहाजाचं नाव बदलून मेगा रामा केलं, वर बेलीझचा झेंडा लावला, आणि ते अरबी समुद्रात आलं. केरळच्या किनाऱ्याबाहेर त्याला आडवी गेली ती ताराबाई. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. इशाऱ्याचे गोळे टाकले, तरी थांबेना. त्या जहाजातल्या नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचं वजनच ताराबाईच्या पंचवीस पटींहून जास्त होतं! तरी तिनं पाठ सोडली नाही. पुढे नौदलाची आयएनएस प्रहार आली आणि 16 नोव्हेंबरला 15 इंडोनेशियन चाचे हाती लागले. त्यांनी जहाज पेटवून बुडवायचा प्रयत्न केला होता, ते वाचवून मुंबईला आणलं.

तर समुद्र. पाठलाग म्हटल्यावर मी डोळे झाकून 26 नॉटचा फेस केला होता. नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना पांढऱ्या मिशा, मागे लांबलचक उकळतं पाणी, अ‍ॅक्रिलिक जेलचे चार थर, वर कापसाचे तंतू. दिसायला झकास. मग एका रात्री लक्षात आलं की ज्याचा पाठलाग चाललाय ते भरलेलं मालवाहू जहाज आहे. त्याच्या बाजूला राहायचं तर ताराबाईलाही त्याच्याच चालीनं जावं लागणार, म्हणजे तिच्या कमाल वेगाच्या साधारण निम्म्यानं. त्या चालीत नाळ इतकी उचललेली नसते आणि मागचं पाणीही असं फाटत नाही. दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन सगळं काढलं. आता नाळेशी एकच बारीक लाट ठेवलीय, बाकी लांब, सपाट उसळी. नोव्हेंबरचा अरबी समुद्र, पावसाळा सरलेला, तेव्हा पाण्याला हिरवट गढूळपणा न देता गडद निळा दिलाय.

तोफेनं मात्र मन भरून आनंद दिला. या बोफोर्सला एल 60 म्हणतात, म्हणजे नळीची लांबी भोकाच्या व्यासाच्या (कॅलिबरच्या) 60 पट असावी. पण नळी प्रत्यक्षात 2.25 मीटर, म्हणजे 56 कॅलिबरच्या आसपास. नावावर विसंबून 24 मिलिमीटर कापली असती तर ती दीड मिलिमीटरनं लांब झाली असती, आणि एवढ्याशा डेकवर दीड मिलिमीटर लगेच खुपतो. मी 21 गेजची इंजेक्शनची सुई वापरली. बाहेरून 0.8 मिलिमीटर, आत अर्धा मिलिमीटरचं भोक, त्यामुळे तोंडाशी काही कोरावं लागलं नाही. टोकावरचा कर्णा बनवायला दुसऱ्या सुईचं प्लॅस्टिकचं बूड तापवून ओढलं. सहा फुकट गेले, सातवा जमला. डेकवर तोफेचं आच्छादन काढून घडी घालून ठेवलंय, टिश्यू पेपर पातळ गोंदात भिजवून. इशाऱ्याचे गोळे टाकणाऱ्या तोफेवर ताडपत्री असून कसं चालेल?

निळ्या तिरक्या पट्ट्याची गंमत वेगळीच. नाळेपाशी हल वरच्या अंगाला बाहेर फाकते. तिथे मास्किंग टेप सरळ चिकटवली की बाजूनं पाहताना पट्टा केळ्यासारखा वाकतो. मी खोलीत अंधार केला, चार मीटरवरून बॅटरीचा झोत सोडला, मध्ये स्टीलची पट्टी हव्या त्या कोनात धरली आणि हलवर पडलेल्या सावलीच्या कडेनं पेन्सिल फिरवली. टेप त्या रेषेवर, दोन-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत. बाजूनं आता पट्टा दोरीसारखा सरळ दिसतो. पांढऱ्या रंगात राखाडीचे दोन थेंब टाकलेत. निव्वळ पांढरा दिला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं.

तळाच्या पितळी पाटीवर 'चाचे पकडले' असं कोरायचं ठरवलं होतं, तो बेत सोडला. शेवटचा घाव प्रहारचा. शिवाय मुंबईच्या सत्र न्यायालयानं चाच्यांना 2003 मध्ये दिलेली शिक्षा उच्च न्यायालयानं 2005 मध्ये रद्द केली. चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच आपल्याकडे तेव्हा नव्हता, तो 2022 साली संसदेत मंजूर झाला. हे वाचलं की अजूनही चुटपुट लागते. ताराबाईनं आपला वाटा चोख उचलला होता, म्हणून पाटीवर तेवढंच येईल: 'ताराबाई, पाठलाग, नोव्हेंबर 1999'.

आता कठडे राहिलेत. 0.2 मिलिमीटरची तांब्याची तार ताणून सरळ करून ठेवलीय. तार जोडायला सोल्डरचा डाग एक खांब सोडून एक द्यायचा की प्रत्येक खांबावर, यावर अडलोय. कुणी 1:100 ला केलं असेल तर जरूर सांगा.